मुंबई–मद्रास मार्ग : अंतर, प्रवासकाळ आणि शिरूर–दौंड

मुंबई आणि मद्रास (१९९६ पासून चेन्नई) या दोन बंदरांमधील सरळ अंतर सु. १,०३० किमी. असून दौंडवरून जाणाऱ्या लोहमार्गाने ते सु. १,२८० किमी. भरते. सरळ अंतर तर बदलण्यासारखे नाहीच. परंतु ते ओलांडण्यास लागणारा काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी महिन्यांत, त्याच शतकाच्या अखेरीस दिवसांत व विसाव्या शतकात तासांत मोजला जाऊ लागला. प्रवासकाळातील या घटीचा परिणाम दोन टोकांच्या शहरांइतकाच मधल्या गावांवरही झाला. प्रवासी, माल व टपाल यांना जेथे थांबणे भाग पडते, तेथे वस्ती, बाजार व रोजगार वाढतो. थांबण्याची गरज संपली की त्या गावाचे महत्त्व ओसरते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड ही दोन तालुक्यांची ठाणी या प्रक्रियेची बोलकी उदाहरणे होत.

पुण्याहून पूर्वेच्या बाजूस दोन जुने मार्ग निघतात. एक ईशान्येकडे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) व पुढे गोदावरीच्या खोऱ्याकडे जातो. त्यावर पुण्यापासून सु. ६७ किमी.वर घोड नदीच्या काठी शिरूर वसले असून नदीवरून त्यास घोडनदी असेही म्हणतात. दुसरा मार्ग भीमेच्या खोऱ्यातून सोलापूर, रायचूर व मद्रासकडे जातो. त्यावर पुण्याच्या पूर्वेस सु. ७५ किमी.वर भीमाकाठी दौंड आहे. शिरूर व दौंड यांमधील सरळ अंतर अवघे ४५ किमी.च्या आसपास आहे. शिरूर मद्रासच्या वाटेवर नाही. तथापि पुण्याहून उत्तरेस जाणारी बरीचशी वाहतूक शिरूरऐवजी दौंडवरून वळली, ती मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गामुळेच. म्हणून या दोन गावांचा इतिहास एकत्र पाहणे सोयीचे ठरते.

मजलांचा काळ : लोहमार्गापूर्वी अंतर कोसांत सांगत, परंतु प्रवासाचे खरे माप मजल हे होते. मजल म्हणजे एका दिवसात चालून जाण्याचा टप्पा. कोसाची लांबी प्रदेशपरत्वे बदले, तशी मजलही वाट, ऋतू, पाणी व वैरण यांवर अवलंबून असे. लादलेल्या बैलांच्या तांड्यास किंवा गाड्यांस दिवसाकाठी २० किमी. जाता आले तरी ती चांगली चाल मानावी लागेल. या हिशेबाने पुण्याहून शिरूर तीन ते चार मजलांवर येते, तर मुंबईहून मद्रासला पोहोचण्यास एकही दिवस विसावा न घेता दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. पावसाळ्यात नद्यांना उतार नसे. त्यामुळे लांबचा व्यापार व लष्करी मोहिमा दसऱ्यानंतरच सुरू होत.

घाई असेल तेव्हा याहून जलद प्रवास होई, परंतु त्यासाठी सामानसुमान मागे ठेवावे लागे. एप्रिल १८०३ मध्ये पुणे शहर जाळण्याचा बेत असल्याची वार्ता कळताच आर्थर वेलस्ली (पुढे वेलिंग्टनचा ड्यूक) हा बारामतीच्या बाजूने घोडदळ घेऊन निघाला आणि सु. ६० मैलांचे (सु. ९७ किमी.) अंतर ३२ तासांत कापून २० एप्रिल रोजी पुण्यास पोहोचला. त्या काळात ही चाल असामान्य समजली गेली.

शिरूरचे लष्करी महत्त्व याच गणितातून निर्माण झाले. वसईच्या तहानुसार (३१ डिसेंबर १८०२) पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांची तैनाती फौज आली व तिची छावणी शिरूर येथे पडली. पुणे व अहमदनगर या दोहोंच्या दरम्यान, राजधानीच्या डोळ्यांआड, परंतु तातडीच्या वेळी दोन दिवसांत पोहोचता येईल इतक्या अंतरावर हे ठिकाण होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर (५ नोव्हेंबर) जनरल स्मिथची फौज अहमदनगर–शिरूर मार्गानेच १३ नोव्हेंबर रोजी पुण्यासमोर येऊन ठेपली आणि चार दिवसांनी शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले.

कोरेगावची लढाई हे याच रस्त्यावरील दुसरे उदाहरण होय. पुण्यातील इंग्रज तुकडीस मदत हवी असल्याचा निरोप येताच कॅप्टन स्टाँटन हा सु. आठशे शिपाई व दोन तोफा घेऊन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठच्या सुमारास शिरूरहून निघाला. रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो भीमाकाठी कोरेगावजवळ पोहोचला. सु. ४० किमी.च्या या वाटचालीस चौदा तास लागले. म्हणजे वेग ताशी तीन किमी.हून किंचित कमी पडला. त्या दिवशीच्या लढाईत स्टाँटनच्या फौजेतील महार व इतर शिपाई रात्रीच्या चालीने थकलेले असतानाच दिवसभर लढले. लढाईनंतर ही तुकडी पुण्यास न जाता शिरूरला परतली व ३ जानेवारी १८१८ च्या सकाळी तेथे पोहोचली. पेशवाई संपल्यानंतरही शिरूर हे पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणे राहिले आणि छावणीच्या आधाराने तेथील सावकारी, धान्याचा व घोड्यांच्या वैरणीचा व्यवहार टिकून होता.

लोहमार्ग : मुंबई व पुणे यांमधील मुख्य अडथळा सह्याद्रीचा होता. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटाच्या पायथ्यापर्यंत व घाटमाथ्यापुढे अशी दोन्हीकडे कामे चालविली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा–पुणे हा भाग सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंत गाडी धावू लागली. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. घाटातील काम १८६३ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे दौंडला आगगाडी आली, तेव्हा मुंबईहून येणाऱ्या प्रवाशास मधला घाट पालखीने, गाडीने किंवा पायी ओलांडावा लागत होता.

१८७१ मध्ये हा लोहमार्ग रायचूर येथे मद्रास रेल्वेस मिळाला. दोन्ही कंपन्यांचे रूळ एकाच रुंद मापाचे (१,६७६ मिमी.) असल्यामुळे माल उतरवून पुन्हा चढविण्याची गरज उरली नाही. ताशी ३० किमी. एवढा मंद वेग धरला, तरी सु. १,२८० किमी.चे अंतर आता दोन दिवसांच्या आत कापता येऊ लागले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झालेला असल्याने यूरोपातून मुंबईस येणारे टपाल व प्रवासी यांनाही मद्रासकडे जाण्यास ही वाट जवळची झाली. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादकडे फाटा निघाल्यावर हैदराबादही याच मार्गास जोडले गेले.

या मार्गासाठी शिरूरचा रस्ता न निवडता दौंडचा निवडला जाणे स्वाभाविक होते. मार्गाचे लक्ष्य आग्नेयेस होते, सोलापूर भागातील कापूस मुंबईस आणणे हा त्याचा एक हेतू होता आणि पुण्यापासून भीमेच्या खोऱ्यातील जमीन सपाट असल्याने रूळ जवळजवळ सरळ रेषेत टाकता येत होते. पुणे–दौंड लोहमार्गाची लांबी व त्या दोन गावांमधील सरळ अंतर यांत आजही फारसा फरक आढळत नाही.

दुष्काळ व दौंड–मनमाड मार्ग : प्रवासकाळ हा केवळ सोयीचा प्रश्न नसून जीवनमरणाचाही असू शकतो, हे १८७६–७८ च्या दुष्काळात दिसून आले. बैलगाडीने धान्य वाहावयाचे, तर वाटेत बैलांना वैरण व पाणी मिळावे लागते. दुष्काळी मुलखात नेमके तेच मिळत नाही. बैलांची वैरण गाडीतच भरावी, तर काही मजलांनंतर धान्यासाठी जागा उरत नाही. त्यामुळे शंभर-दीडशे किमी.वर धान्याची कोठारे भरलेली असतानाही मधल्या गावांत माणसे उपाशी राहत. लोहमार्गाच्या लगतच्या सोलापूरसारख्या भागात या वेळी बाहेरून धान्य येऊ शकले. लोहमार्गापासून दूर असलेल्या तालुक्यांत मात्र ते शेवटी बैलगाडीनेच न्यावे लागले. तसेच धान्य पोहोचणे व ते विकत घेण्यास पैसा असणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. लोहमार्गाने पहिला प्रश्न सुटला, दुसरा सुटला नाही.

दौंड ते मनमाड या सु. २३६ किमी. लांबीच्या मार्गाचे मातीकाम याच काळात दुष्काळी काम म्हणून काढण्यात आले. अशा कामांवरील मजुरी १८७७ च्या आरंभी सरकारने कमी केली, तेव्हा मुंबई इलाख्यातील अनेक ठिकाणी मजुरांनी कामे सोडली व पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ज्या मार्गाने पुढे उत्तरेचे धान्य दोन दिवसांत येणार होते, त्याचा भराव अपुऱ्या अन्नावर राबणाऱ्या माणसांनी घातला, ही गोष्ट या मार्गाच्या इतिहासात विसरता येण्यासारखी नाही. १८७८ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. मुंबईस न जाता दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्याची सोय त्यामुळे झाली आणि दौंड हे प्रस्थानक बनले.

शिरूरच्या दृष्टीने ही घटना निर्णायक ठरली. अहमदनगरहून पुण्यास येण्याचा शिरूरमार्गे रस्ता सु. १२० किमी.चा आहे; दौंडला वळसा घालून जाणारा लोहमार्ग सु. १६० किमी.चा आहे. तरीही नगरचा दूरचा माल व प्रवासी या लांबच्या वाटेने जाऊ लागले, कारण रस्त्यावरील सहा मजलांचे काम आगगाडी काही तासांत करीत असे. अंतराने जवळची वाट काळाने दूरची झाली. गाडीतळ, धर्मशाळा, नालबंद, वैरणीचे व्यापारी यांचा धंदा ज्या मुक्कामांवर चाले, ते मुक्कामच अनावश्यक ठरले. शिरूर नष्ट झाले नाही, परंतु दूरच्या प्रवासाचे ठाणे न राहता आसपासच्या गावांची बाजारपेठ एवढेच त्याचे स्वरूप उरले. याउलट दौंडला एंजिनांना कोळसा व पाणी देण्यासाठी, चालक व गार्ड बदलण्यासाठी प्रत्येक गाडीस थांबावे लागे. एंजिनांची शेड, रेल्वे कामगारांच्या चाळी, विश्रांतिगृहे यांनी भीमाकाठचे गाव विस्तारले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बारामतीकडे अरुंदमापी फाटा निघाल्यावर हे महत्त्व आणखी वाढले.

एकच घड्याळ : प्रवासकाळ मोजण्यासाठी निघण्याची व पोहोचण्याची वेळ एकाच घड्याळाने सांगावी लागते. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ तेथील सूर्यावरून ठरे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, तर मद्रासची ५ तास २१ मिनिटे होती. या अर्ध्या तासाच्या फरकामुळे मुंबईहून मद्रासला जाणारी गाडी घड्याळानुसार उशिरा, तर परतणारी लवकर पोहोचल्यासारखी भासली असती. यासाठी रेल्वेने १८७० नंतर मद्रासची वेळ सर्वत्र स्वीकारली. रेखांशाप्रमाणे दौंडची सूर्यावरची वेळ मद्रासच्या सु. २३ मिनिटे मागे आहे. त्यामुळे स्थानकावरील घड्याळ आणि गावातील दुपार यांचा मेळ बसत नसे. शिरूरमध्ये असे घड्याळ नव्हते. तेथील दिवस सूर्यानेच उजाडे व मावळे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली आणि रेल्वेची व गावांची वेळ हळूहळू एक झाली. मुंबई शहराने मात्र आपली जुनी वेळ त्यानंतरही कित्येक दशके पूर्णपणे सोडली नव्हती.

हवाई मार्ग : कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट पृथ्वीच्या गोलावर काढलेल्या महावृत्ताच्या कंसाने दर्शविली जाते. लोहमार्गास घाट, नद्या व बाजारपेठा पाहून वळावे लागते, विमानास त्या मानाने कमी. म्हणून मुंबई–मद्रास हवाई अंतर लोहमार्गापेक्षा सु. २५० किमी.ने कमी भरते. प्रवासकाळ मात्र केवळ अंतरावर ठरत नाही. विमान जमिनीवर फिरवून धावपट्टीवर आणणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी रांगेत थांबणे यांस ठरावीक वेळ लागतो आणि उंचावरील वाऱ्याच्या दिशेप्रमाणे जाण्याच्या व येण्याच्या काळात फरक पडतो.

या दोन शहरांमधील नियमित हवाई टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाले. लंडनहून कराचीपर्यंत आलेले टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक एंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट याने ते टपाल बळ्ळारी येथे रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचविले. रात्री उड्डाण करण्याची सोय नसल्याने विमानासही मजल मारावी लागत होती. केवळ तिची लांबी वाढली होती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा ही सेवा आपल्या सर्व सामानासह पुण्यास हलविण्यात येई व येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानाचा विमानतळ म्हणून उपयोग होई. पुढे या मार्गावर बळ्ळारीऐवजी हैदराबाद हा थांबा आला. मुंबई व हैदराबाद यांना जोडणारी सरळ रेषा शिरूर व दौंड यांच्या मधून जाते. थांबण्याचे कारण मात्र यांपैकी एकाही गावाजवळ उरलेले नव्हते.

जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेने अंतर व काळ यांच्या संबंधाचे आणखी एक उदाहरण घालून दिले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबईचे पत्र नागपूरमार्गे मद्रासला जाताना सु. १,५९० किमी.चा प्रवास करी, म्हणजे सरळ अंतराच्या दीडपट. तरीही संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी मद्रासला पोहोचे. नगरचा माल लांबच्या लोहमार्गाने दौंडवरून गेला, त्याच तत्त्वाची ही आवृत्ती होती.

जेट विमानांच्या आगमनानंतर मुंबई–मद्रास प्रवास वेळापत्रकानुसार सु. दोन तासांचा झाला. लोहमार्गाने तो अजूनही जवळजवळ एका दिवसाचा आहे.

अलीकडील स्थिती : लोहमार्गावरही थांबे कमी करण्याकडेच कल राहिला आहे. बोरघाटात १८६३ पासून गाडीचे एंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकास लावून दिशा बदलावी लागे. नवा मार्ग टाकून १९२९ मध्ये हा खोळंबा संपविण्यात आला व पुढील वर्षी १ जून रोजी विजेवर धावणारी दख्खनची राणी सुरू झाली. दौंडलाही असाच प्रकार होता. दौंड–मनमाड मार्ग मद्रासच्या दिशेने येणाऱ्या गाड्यांना सोयीचा असा जोडलेला असल्याने पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे एंजिन तेथे मागून पुढे न्यावे लागे आणि त्यात बराच वेळ जाई. वाफेची एंजिने गेल्यावरही हा थांबा टिकला होता. प्रवासी फलाटावर उतरत, फेरीवाल्यांचा धंदा होई. अलीकडच्या काळात गावाबाहेरून जोडमार्ग टाकण्यात आल्याने अशा गाड्या मुख्य स्थानकात न शिरताच मनमाडकडे वळू शकतात. जोडमार्गावर स्वतंत्र स्थानक असले, तरी दौंडकरांना आपल्या गावावरून जाणाऱ्या काही गाड्यांसाठी आता गावाबाहेर जावे लागते. जो प्रसंग १८७८ नंतर शिरूरवर आला, त्याचाच हा सौम्य अवतार म्हणता येईल.

दरम्यान शिरूरची वाट पुन्हा जागी झाली आहे. मोटार वाहतुकीमुळे पुणे–अहमदनगर रस्त्यास जुने महत्त्व परत मिळाले. दौंडचा वळसा टाळून नगरला जाणारी एस. टी. बस अंतर व काळ या दोन्ही मापांनी जवळची ठरली. रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतीमुळे या रस्त्यावरील मालवाहतूक वाढली, पुण्याचा विमानतळ लोहगाव येथे याच रस्त्यालगत आहे. शिरूर शहराला मात्र अद्याप लोहमार्गाचा लाभ झालेला नाही. पुण्याच्या वेशीपाशी वाहनांची एवढी दाटी होते, की शिरूरकडून लोहगावला पोहोचण्यास लागणारा काळ काही वेळा विमानाने मद्रासला जाण्याच्या काळाइतका होतो. ज्या वाटेवर स्टाँटनची तुकडी १८१७ च्या अखेरच्या रात्री चालत निघाली, तिच्यावर अंतर आजही तेवढेच आहे. बदलला तो ते ओलांडण्यास लागणारा काळ आणि त्या काळाने ठरविलेले गावांचे मोल.